किनाऱ्यावर राहिलेली बॅटरी

१

११ नोव्हेंबर, मंगळवार. आभाळ कोरं, वारा उत्तरेचा, हलका. समुद्रावर एकही सुरकुती नाही.

सकाळी मागच्या खोलीतल्या बॅटरीचं रीडिंग घेतलं. आदल्या दिवशी ती पूर्ण भरून, चार्जर काढून ठेवली होती, तेव्हा मीटर बारा पूर्णांक सात व्होल्ट दाखवत होता. आज बारा पूर्णांक चार दाखवला. मीटरचे चिमटे पुसून पुन्हा लावले. बारा पूर्णांक चारच.

जिला काहीच जोडलेलं नाही अशी बॅटरी एका रात्रीत इतकी उतरत नाही. पाव भाग रिकामी झाली होती.

आमची बोट लहान. तिच्यावर दोन बॅटऱ्या लागतात. एक इंजिन सुरू करायला, ती जागची हलत नाही. दुसरी डोलकाठीवरच्या दिव्यासाठी, वायरलेससाठी आणि तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या छोट्या पंपासाठी. या दुसरीची आम्ही जोडी ठेवली होती. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच कॅनमधल्या अ‍ॅसिडनं भरलेल्या. एक समुद्रावर असायची तेव्हा दुसरी मागच्या खोलीत चार्जरवर. दादा परतला की उतरलेली बॅटरी खांद्यावरून आणून फळीवर ठेवायचा आणि भरलेली उचलून न्यायचा. समुद्र त्याचा, फळी माझी. मला बोट धक्क्याला बांधलेली असतानाच उलटी होते. दादा लोकांना सांगायचा, आमच्या घरात एकजण मासे धरतो आणि एकजण बॅटऱ्यांना पाणी पाजतो.

या वेळी दादा गेला तो परतला नव्हता. वादळ नव्हतं, वाराही नव्हता. तीन बोटी शोधून रिकाम्या आल्या. फळी नाही, डबा नाही, तेलाचा तवंग नाही. बंदरावरचे लोक हळूहळू दादाबद्दल बोलताना ‘आहे’च्या जागी ‘होता’ म्हणायला लागले होते. वहिनी समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या, तो काय म्हणतो ते ऐकायला. ‘होता’ म्हणणाऱ्याला पाणीसुद्धा विचारायच्या नाहीत.

घरातली बॅटरी आता कुणाच्या उपयोगाची नव्हती. तरी मी तिची निगा थांबवली नव्हती. वापरातली बॅटरी झिजते, पण पडून राहिलेली आतून कुजते. दादा आला आणि बॅटरी मेलेली निघाली, तर मी काय सांगणार होतो?

२

मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात वीजकाम बघतो. शिक्षण बेताचं, बाकीचं हातानं आणि पुस्तकांतून शिकलो. बॅटरी आपोआप का उतरते, याची कारणं मला पाठ आहेत. मी ती एकेक करून तपासली.

पहिलं कारण मळ. वरच्या पृष्ठभागावर धूळ आणि अ‍ॅसिडचा ओलावा मिळून एक साय धरते आणि त्या सायीतून वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाझरत राहते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं बॅटरी धुतली, कोरडी पुसली. टर्मिनलवर आलेलं पांढरं-हिरवं फूल ब्रशनं काढलं, वर व्हॅसलिनचा हात फिरवला. दुसरं कारण खराब सेल. सहाही झाकणं उघडून हायड्रोमीटरनं अ‍ॅसिड ओढून पाहिलं. आतली कांडी सहाही वेळा एकाच रेघेवर तरंगली. एक जरी सेल आजारी असता तरी तिनं मान टाकली असती. तिसरं कारण मीटर. कारखान्यातून दुसरा आणला. तोही तेच बोलला.

पुन्हा भरली. सकाळी पुन्हा बारा पूर्णांक चार.

मग एक गोष्ट लक्षात आली. दिवसा ती उतरत नव्हती. सकाळी भरून ठेवली की दुपारी, चार वाजता, सूर्य टेकतानाही आकडा तोच. जे होतं ते अंधार पडल्यावर.

त्या संध्याकाळी मी स्टूल घेऊन तिच्यासमोर बसलो. मागची खोली छोटी आहे. एक खिडकी, एक फळी, भिंतीला दादाची जुनी जाळी टांगलेली. स्वयंपाकघरात वहिनी भांडी लावत होत्या. बाहेरचा उजेड राखाडी झाला. शेजारच्या घरात दिवा लागला. तेवढ्यात मीटरवरचा आकडा एक घर खाली आला आणि तिथेच थांबला.

बॅटरी हळूहळू मरते तेव्हा आकडा घसरतो. तो असा पायरी उतरत नाही. पायरी उतरतो कुणी बटण दाबलं तर.

आणि ती पायरी माझ्या ओळखीची होती. घरातल्या माणसाचं खोकणं दाराआडून ओळखावं तशी. डोलकाठीवरचा दिवा लावला की आमची बॅटरी बरोबर तेवढी खाली बसते. हा दिवा मीच बसवला होता.

मी चिमटे काढले, मीटर बंद केला आणि जेवायला गेलो. वहिनींनी विचारलं, बॅटरी कशी आहे. मी म्हटलं, म्हातारी झाली.

३

बॅटरीच्या दुकानदाराला सगळं बंदर डॉक्टर म्हणतं, कारण तो गिऱ्हाइकाच्या आधी बॅटरीकडे बघतो आणि हायड्रोमीटर शर्टच्या खिशात ठेवतो. मी बॅटरी हातगाडीवरून त्याच्याकडे नेली. का ते सांगितलं नाही. भरून, एक रात्र ठेवून बघ, एवढंच म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती त्याच्याकडे नीट राहायला हवी होती. म्हणजे दोष आमच्या खोलीत निघाला असता. ओल, वायरिंग, काहीही. त्याला औषध होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर डॉक्टर चहा पीत होता. बॅटरी त्याच्या पायाशी.

“सेल सहाही ठणठणीत,” तो म्हणाला. “पण रात्रीत पाव उतरली. ते पण अशी सरळ उतरली की काय सांगू. कुणीतरी हिच्यावर दिवा लावून बसलं होतं वाटतं रात्रभर.”

तो हसला. मग त्याला आठवलं ही बॅटरी कुणाच्या जोडीतली आहे. त्यानं कप खाली ठेवला आणि उगीचच फडक्यानं बॅटरीची वरची बाजू पुसायला लागला. ती स्वच्छच होती.

“होतं असं कधीकधी,” तो खालच्या आवाजात म्हणाला. मी बॅटरी हातगाडीवर चढवली.

४

वहिनींना कळलं ते माझ्या चुकीनं नाही. त्यांच्यापासून त्या घरात काही लपत नाही. सलग चार-पाच संध्याकाळी मी त्या खोलीत दार लोटून बसलेला पाहिल्यावर त्या हात पुसत आत आल्या आणि दुसरं स्टूल ओढून बसल्या.

“काय बघता?”

मी त्यांना बॅटरीच्या प्लेटा, ओलावा, गळती यावर बरंच ऐकवलं. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. अंधार झाला. आकडा पायरी उतरला.

वहिनींनी आकड्याकडे बोट केलं. मग अगदी साध्या आवाजात, दूधवाला आला असं सांगावं तसं म्हणाल्या, “दिवा लावला त्यांनी.”

मी म्हटलं, वहिनी, असं होत नसतं. इथून तिथवर तार नाही. बॅटरी म्हणजे डबा आहे, त्यात शिसं आहे आणि पाणी आहे.

“मग तुम्ही मीटर लावून का बसता?”

त्या उठल्या, चार्जरची वायर गुंडाळलेली होती ती सोडून माझ्या हातात दिली. उद्या सकाळी विसरू नका, म्हणाल्या.

तेव्हापासून आमचा नेम ठरला. सकाळी चार्जर लावायचा, दिवसभर भरायची, दिवेलागणीला चार्जर काढून दोघांनी समोर बसायचं. आकडा उतरला की वहिनी उठून स्वयंपाकाला लागायच्या. तो दिवसातला एकच क्षण असा असायचा की त्यांचे खांदे सैल पडायचे. लेकीचा फोन यायचा. तिचं सासर दूर होतं. आई, तू इकडे ये, असं ती रोज म्हणायची. वहिनी म्हणायच्या, येईन गं, इथलं एक काम उरकलं की.

मला पटलं होतं का? नाही. मी अजूनही कारण शोधत होतो. पण चार्जर लावायला एक दिवसही चुकलो नाही. बॅटरी पूर्ण उतरू द्यायची आणि काय होतं ते बघायचं, ही सगळ्यात साधी परीक्षा होती. कारखान्यात कुणी शिकाऊ असता तर मी त्याला पहिली हीच सांगितली असती. ती मी केली नाही.

५

एका रविवारी भर दुपारी, चार्जर काढून मी सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालत होतो. मीटर लावलेलाच होता. वहिनी खिडकीशी तांदूळ निवडत होत्या. आकडा एकदम खाली गेला. दिव्याच्या पायरीपेक्षा बराच खाली. थोडा वेळ तिथे राहिला आणि परत वर आला.

वहिनींच्या हातातलं ताट थांबलं. “हे काय होतं?”

मी म्हटलं, बघतो.

आणखी थोड्या वेळानं पुन्हा तसंच. खाली, थोडा वेळ, वर.

“हाक मारतायत,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते मी दादा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. “बघा ना. दिवसाढवळ्या दिवा कशाला लावतील? बटण दाबून हाक मारतायत.”

मी हो म्हटलं.

तो दिवा नव्हता. दिवा इतकं ओढत नाही. आमच्या बोटीवर इतकं ओढणारी, थोडाच वेळ चालणारी आणि आपोआप बंद होणारी एकच गोष्ट आहे. तळात पाणी साचलं की तरंगणारा गोळा वर येतो, पंप चालू होतो, पाणी उपसलं की गोळा खाली बसतो, पंप बंद होतो. माणसानं काही करावं लागत नाही. माणूस नसला तरी तो चालतो.

बोट आत पाणी घेत होती.

वहिनी हसत तांदूळ निवडत होत्या. दर वेळी आकडा उतरला की हात वर करायच्या, जसा धक्क्यावरून करतात.

६

पंपाच्या खेपा वाढत गेल्या. आधी दिवसातून तीन-चारदा, मग तासाला एकदा. बॅटरी दिवसाही रिकामी व्हायला लागली. मी चार्जर लावूनच ठेवला. बॅटरी सतत चार्जरवर ठेवू नये, ती तापते, पाणी आटतं, प्लेटांचं शिसं गळून तळाला गाळ साचतो. सगळं ठाऊक होतं. आठवड्याभरात दोन नंबरच्या सेलमधली कांडी मान टाकायला लागली.

एक सेल गेला की बॅटरी गेली. किती दिवस उरले आहेत हे मला दिसत होतं. दिवा आणि पंप दोन्ही या एका डब्यावर होते.

डॉक्टरकडे गेलो. नवी हवी म्हटलं. तो एरवी गिऱ्हाइकाला बरंच पिडतो, आणि त्या दिवशीही सवयीनं सुरू झाला. इंजिनला द्यायची बॅटरी म्हणजे पहिलवान, एक दणका देईल आणि घाम पुसत बसेल. दिव्याला हवी ती हमाल. प्लेटा जाड, ओझं दिवसभर वाहील, पण धावायला सांगायचं नाही. लोक स्वस्त म्हणून पहिलवान नेतात आणि त्याच्या डोक्यावर पोतं ठेवतात, मग सहा महिन्यांत माझ्या नावानं बोंब. त्यानं बंद झाकणाची एक पुढे केली, पाणी घालायची कटकट नाही म्हणाला. मी नको म्हटलं. जिच्यात डोकावता येत नाही ती बॅटरी मला चालत नाही. झाकणांची दे, हमाल दे, आणि तुझ्याकडची सगळ्यात मोठी दे.

“कुठल्या बोटीवर बसवायची?” त्यानं विचारलं.

“आमच्याच,” मी म्हटलं.

त्यानं मापं विचारली नाहीत. स्वतः उचलून हातगाडीवर ठेवली, खाली पोत्याची घडी घातली. मी वळलो तेव्हा मागून म्हणाला, “जुनीला जोडू नकोस हं. जुनी नवीला ओढते.”

हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. दोघी शेजारी जोडल्या की मरणारी बॅटरी धडधाकट बॅटरीला रात्रंदिवस पीत राहते, आणि शेवटी दोन्ही जातात. म्हणून मी आधी नवी एकटीच फळीवर ठेवली आणि जुनी कोपऱ्यात उतरवली. दिवेलागणीला दोघींना मीटर लावले. नवीचा आकडा जागचा हलला नाही. कोपऱ्यात जुनी पायरी उतरली.

“नवी सून आहे,” वहिनी म्हणाल्या. “घरातली माणसं अजून ओळखत नाहीत तिला.”

मी जाड वायर कापली, टोकं सोलली आणि दोघींना जोडलं.

त्या क्षणी जुनीचा आकडा वर आला. वहिनी म्हणाल्या, आता दिवा लख्ख झाला असेल. मग पंप चालू झाला. आकडा बराच वेळ खालीच राहिला.

७

दोन-तीन दिवसांनी सकाळी पाणी घालायला झाकणं उघडली. वहिनी नळावर गेल्या होत्या. सेलच्या तोंडातून आत पाहायला टॉर्च लागतो. पाणी प्लेटांच्या वर बोटभर असावं लागतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की डोळे मिटूनही सांगेन.

पहिल्या सेलमध्ये पाणी कमी दिसलं. शेवटच्या सेलमध्ये काठोकाठ होतं. मला वाटलं फळी कललीय. कारखान्यातली पाणसळ खिशात होती, ती ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. टॉर्च पुन्हा पहिल्या सेलवर आणला. आता तिथे पाणी काठोकाठ होतं. शेवटच्यात कमी.

मी हललो नाही. बॅटरीला हात लावला नव्हता. टॉर्च मधल्या सेलवर धरला आणि बघत राहिलो. पाण्याची पातळी आडवी नव्हती. ती एका बाजूला उतरती होती, भिंतीकडे. तशीच थांबली. मग अगदी सावकाश, जणू नाइलाजानं, सपाट झाली आणि दाराकडे कलली. तिथेही थांबली.

स्वयंपाकघरातून ताटलीत पाणी आणून फळीवर शेजारी ठेवलं. ताटलीतलं पाणी आरशासारखं स्थिर. त्यात खिडकी दिसत होती. बॅटरीतलं पाणी भिंतीकडे कललेलं.

मग मी नव्या बॅटरीची झाकणं उघडली. तिच्यातलंही कललं होतं, त्याच बाजूला, तितकंच. दोघी बरोबर परत आल्या.

दादा एकदा म्हणाला होता, रिकामी बोट चटचट डोलते. पाणी भरलेली बोट विचार करत डोलते.

मी झाकणं लावली. घट्ट, एकेक करून, बाराही. हात पुसले. टॉर्च बंद केला. वहिनी कळशी घेऊन आत आल्या आणि ताटली का काढली म्हणून विचारलं. तहान लागली होती, म्हटलं. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ताटली विसळून जागेवर ठेवली.

त्यानंतर मी पाणी घालायला एकटा कधी बसलो नाही. पाणी घातलंच नाही.

८

शेवटच्या दिवशी पंप थांबलाच नाही.

सकाळपासून आकडा खाली होता तो वर आला नाही. चार्जर पूर्ण जोरावर, नवी बॅटरी बाजूला, तरी आकडा खालीच. मी कारखान्यात जायचं टाळलं. वहिनी खोलीच्या उंबऱ्यावर बसून होत्या. आज हात वर करत नव्हत्या. एकदा म्हणाल्या, किती वेळ दाबून धरलंय. मी म्हटलं, हो.

दुपारी जुनी बॅटरी आवाज करायला लागली. चार्ज होताना सेल फसफसतात, तो आवाज वेगळा. हा अर्ध्या भरलेल्या डब्यात पाणी आपटावं तसा होता. एकदा भिंतीच्या बाजूनं. मग खूप वेळानं दाराच्या बाजूनं. मी तिच्यावर हात ठेवला. ती निश्चल होती, फळीवर घट्ट. आवाज मात्र तळव्याला लागत होता.

दिवेलागण झाली. दिव्याची पायरी आली नाही, कारण आकडा त्याच्याही खाली होता. मी नव्या बॅटरीची वायर आवळली, चार्जरचा चिमटा हातानं दाबून धरला. याला काही अर्थ नव्हता. चिमटा घट्टच होता. पण हात काढवत नव्हता.

मग खोलीत एक वास आला. वहिनींना आधी आला. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त पडली की येतो तसा, नाकात चढणारा, म्हणाल्या. मी खिडकी उघडली. बॅटरीच्या कामातल्या प्रत्येकाला हा वास शिकवलेला असतो आणि तो आला तर तिथून पळा असं सांगितलेलं असतं. बॅटरीच्या अ‍ॅसिडमध्ये खारं पाणी शिरलं की तो येतो. दुसऱ्या कशानं येत नाही.

हायड्रोमीटर घेऊन सहाही सेल तपासले. अ‍ॅसिड स्वच्छ होतं. या बॅटरीत मिठाचा कण नव्हता. वास येतच होता.

फार वेळ नाही. वहिनी पदर नाकाला लावून तिथेच बसून राहिल्या, मी बाहेर चला म्हटलं तरी. मग वास गेला. आवाज थांबला. मीटरवरचा आकडा पायरी पायरीनं नाही, एकदम वर आला. बारा पूर्णांक सात.

९

वहिनी उठल्या. तोंड धुतलं, केस बांधले. दादाचा धुतलेला सदरा आणि टॉवेल पिशवीत घातला.

“पोचले, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मेन स्विच बंद केला. धक्क्याला दोर टाकला की पहिलं काम तेच असतं त्यांचं.”

हे खरं होतं. दिवा विझला, पंप थांबला, सगळं एकदम बंद झालं, की आमच्या घरात त्याचा एकच अर्थ असतो. बोट लागली.

मी म्हटलं, सावकाश जा. टॉर्च घेऊन जा.

त्या गेल्यावर मी चार्जर काढला, जोडवायर सोडली आणि दोन्ही बॅटऱ्यांसमोर थोडा वेळ बसलो. आकडे हलले नाहीत. मग त्यांना आणायला निघालो.

धक्क्यावर कुणी नव्हतं. बोटी बांधलेल्या, पाणी काळं आणि सपाट. वहिनी अगदी टोकाला, दोर बांधायच्या खुंटाशेजारी बसल्या होत्या. पिशवी मांडीवर. टॉर्च बंद. मी शेजारी बसलो. मला धक्क्यावरूनही पाण्याकडे बघवत नाही, मी नजर खुंटावर ठेवली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“त्यांच्याबरोबर तीस वर्षं संसार केला,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. “पंप मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?”

मी त्यांच्याकडे वळलो.

“पहिल्याच दुपारी कळला. पण तुम्ही हो म्हणालात. म्हटलं, याला कुठे सांगायचं, हा आधीच घाबरट.”

“मग हात का करत होतात?”

“ते दिसत असेल त्यांना, तर?” त्या म्हणाल्या.

आम्ही बराच वेळ बसलो. समोर कुठेही दिवा नव्हता. शेवटी त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, माझ्या खांद्यावर टाकला, कारण गार वारा सुटला होता, आणि आम्ही घरी आलो.

बोट आली नाही. वहिनी पुढच्या आठवड्यात लेकीकडे राहायला गेल्या. दोन्ही बॅटऱ्या मी डॉक्टरला परत दिल्या. त्यानं माझ्यासमोर त्या तपासल्या. जुनीचे सहाही सेल सारखे निघाले, दोन नंबरचासुद्धा. दोन्ही पूर्ण भरलेल्या होत्या.